दमदमची गोळी

कोलकात्यात काही काळ काढलेल्या मराठी माणसाला दमदम हे नाव विमानतळामुळे ठाऊक असते. १९९५ मध्ये त्या विमानतळाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात दमदम हेच नाव राहिले. माझी नेमणूक पूर्वेकडे असताना पुण्याला जाण्यासाठी मी अनेकदा त्या रस्त्याने गेलो. परंतु या उपनगराच्या नावाची गोळी जगातल्या जवळजवळ प्रत्येक भाषेच्या शब्दकोशात जाऊन बसली आहे, याचा मी पुष्कळ दिवस विचारच केला नव्हता. दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. हा शब्द आपल्यालाही परका नाही. मराठी बखरींतील वेढ्यांच्या वर्णनांत तो भेटतो. १७८३ पासून १८५३ पर्यंत बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे येथे होते आणि त्याच्या आधाराने दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले.

गोळी कशाची करावी आणि तिला आकार कोणता द्यावा, हा वरवर पाहता धातुशास्त्राचा आणि गणिताचा प्रश्न आहे. तो सोडवायला सरकार तज्ज्ञ नेमते आणि बाकीचे अधिकारी त्यांच्या टिपणीखाली सही करतात. माझे शिक्षण अर्थशास्त्राचे; शस्त्रविद्येत मला अधिकार नाही. मात्र ज्या कागदावर वस्तूचे वर्णन, वजन आणि घटक लिहिलेले असतात, आणि ज्याला आपण कचेरीत 'स्पेसिफिकेशन' म्हणतो, तो कागद वाचण्यात माझे आयुष्य गेले. दमदमचा इतिहास हा मला त्या कागदाचा इतिहास वाटतो. चाळीस वर्षांच्या अंतराने एकाच गावात तो दोनदा घडला.

पहिली कथा आपण शाळेत शिकलेली आहे, फक्त तिची तांत्रिक बाजू आपल्याला सांगितली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कंपनीच्या शिपायाच्या हाती सुमारे १९ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत नळीची बंदूक असे. तिची शिशाची गोल गोळी नळीपेक्षा थोडी लहान असल्याने सहज आत सरकत असे. पण उडताना ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे नेम धरणे व्यर्थ ठरे. नळीच्या आत सर्पिल खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे जुने ज्ञान होते. अडचण एवढीच होती, की खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून भरायला फार वेळ लागे.

यावर फ्रान्समध्ये मिनिए या अधिकाऱ्याने १८४९ मध्ये तोड काढली. गोळी लांबट करावी, नळीपेक्षा किंचित बारीक ठेवावी आणि तिचा तळ पोकळ ठेवावा. दारू पेटली की वायूच्या दाबाने मऊ शिशाचा तळ फुगतो आणि खाचा पकडतो. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, अशी ही युक्ती. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीसाठी इंग्रजांनी याच तत्त्वावरची गोळी घेतली. तिचा पल्ला जुन्या बंदुकीच्या कित्येक पटींनी अधिक होता. परंतु ही युक्ती चालण्यासाठी काडतुसाच्या कागदाला वंगण आवश्यक होते. वंगणाशिवाय गोळी काजळी धरलेल्या नळीत उतरत नसे आणि शिसे खाचांना चिकटून बसे. कागदाचे टोक दातांनी तोडण्याची कवायत तर पूर्वापार होतीच.

म्हणजे काडतुसाची चरबी ही कोणाची लहर नव्हती. गोळीच्या रचनेतून ती अपरिहार्यपणे आली होती. अपरिहार्य नव्हती ती एकच गोष्ट, चरबी कोणत्या जनावराची असावी ही. कलकत्त्याच्या शस्त्रागाराने चरबी पुरवण्याचे कंत्राट दिले, तेव्हा आक्षेपार्ह चरबी टाळण्याची काळजी घेतली गेली नाही. नव्या रायफलीचे शिक्षण देण्यासाठी अंबाला, सियालकोट आणि दमदम अशी तीन केंद्रे उघडली होती. १८५७ च्या जानेवारीत दमदमच्या कारखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की आता गाईची आणि डुकराची चरबी तोंडाने तोडावी लागेल, मग जात कुठे राहील? ही वार्ता बराकपूरला पोचली. शिपायांनी स्वतःचे वंगण वापरावे असा हुकूम महिनाअखेर निघाला, पण तोवर कागदावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. बंडाची कारणे अनेक होती आणि ती खोल होती. तरीही ठिणगी पडली ती कंत्राटाच्या कागदावर न लिहिलेल्या एका अटीमुळे. वस्तूचे वर्णन अचूक होते. ती कोणाच्या तोंडाशी जाणार आहे, हे त्या वर्णनात नव्हते.

बंड मोडल्यावर सरकारने त्या प्रश्नाचे उत्तर लिहिले, पण ते वेगळ्याच प्रकारे. हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची एक बंदूक काढण्यात आली. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे, आतून मात्र नळी रुंद आणि गुळगुळीत होती. ज्या खाचांसाठी एवढे रामायण घडले, त्याच वगळल्या होत्या. पुढची कित्येक दशके हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र द्यायचे, हा अलिखित नियम राहिला. कोणासाठी, हा प्रश्न आता स्पेसिफिकेशनमध्ये शिरला होता.

दुसरी कथा समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून जाई. ती कथिल मिसळून किंचित कठीण केलेल्या शिशाची होती. वजन सुमारे ३१ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली आणि गोळीचा वेग एकदम वाढवणे शक्य झाले. पण त्या वेगाला उघडे शिसे टिकत नाही; ते खाचांत खरवडले जाते आणि नळी माखून टाकते. स्वित्झर्लंडच्या रुबिन या अधिकाऱ्याने १८८२ मध्येच याचे उत्तर काढले होते. गाभा शिशाचा ठेवून त्यावर कठीण धातूचे पातळ आवरण चढवायचे. इंग्रजांची ली-मेटफर्ड रायफल १८८८ मध्ये आली. तिची गोळी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या आवरणाची, व्यास इंचाच्या ३०३ सहस्रांश, वजन सुमारे १४ ग्रॅम. आणि कॉर्डाइट ही नवी दारू आल्यावर तिचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर झाला. आपल्याकडे पोलीस ठाण्यांत जिला 'थ्री-नॉट-थ्री' म्हणत, तिचे हे मूळ.

आता हिशेब करून पाहावा. गतिज ऊर्जा ही वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. त्या सूत्राने मार्टिनीच्या गोळीची ऊर्जा सुमारे २,६०० जूल येते आणि ली-मेटफर्डच्या गोळीची सुमारे २,५०० जूल. म्हणजे जवळजवळ सारखीच. उलट खांद्याला बसणारा धक्का तिसऱ्या हिश्शाने कमी झाला, गोळीचा मार्ग अधिक सपाट झाला आणि शिपाई त्याच ओझ्यात अधिक काडतुसे नेऊ लागला. कागदावर हा निव्वळ लाभ होता.

१८९५ मध्ये चित्रालच्या किल्ल्याचा वेढा उठवण्यासाठी मलाकंद खिंडीतून फौज गेली, तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. गोळी लागते, आरपार जाते आणि तरी टोळीवाला धावत येतो, असे अधिकारी लिहू लागले. कारण उघड होते. मऊ शिशाची जाड गोळी शरीरात चपटी होऊन थांबत असे किंवा मंदावत असे, आणि आपली बहुतेक ऊर्जा तेथेच खर्च करत असे. कठीण आवरणाची बारीक गोळी आकार न बदलता निघून जाई आणि उरलेली ऊर्जा मागच्या डोंगराला देई. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. एकूण उत्पन्न तेवढेच होते. ते कोठे पोचते, एवढेच बदलले होते.

दमदमच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर जो उपाय काढला, तो साधेपणामुळेच जगप्रसिद्ध झाला. गोळीच्या टोकावरचे आवरण किंचित कमी करून सुमारे एक मिलिमीटर शिसे उघडे ठेवायचे. नळीत आवरण आपले काम करते. शरीरात शिरताच उघडे शिसे पसरते आणि आवरणालाही मागे उलगडत नेते. व्यास वाढतो, गोळी मंदावते, जखम मोठी होते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत अफ्रिदींविरुद्ध ही गोळी वापरली गेली. त्याच हंगामात मलाकंदच्या फौजेबरोबर असलेल्या तरुण विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या पहिल्या पुस्तकात तिच्या परिणामकारकतेची वाखाणणी केली. तिच्यात तांत्रिक दोषही होता. मूळ गोळीचे आवरण तळाशी उघडे असे. आता ते दोन्ही टोकांना उघडे झाल्याने गाभा तेवढा सुटून आवरण नळीत अडकण्याचा धोका निर्माण झाला. पुढे विलायतेत वुलिच येथे टोकाला खळगा असलेल्या गोळ्या तयार झाल्या, आणि त्यांतला एक प्रकार १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत वापरला गेला. नाव मात्र दमदमचेच चिकटले.

युरोपात गवगवा झाला. जर्मनीतील ट्युबिंगेनचे शल्यविशारद ब्रुन्स यांनी अशा गोळ्यांच्या भयंकर जखमांचे प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजांनी उत्तर दिले, की त्यांनी वापरलेल्या गोळीचे शिसे दमदमच्या गोळीपेक्षा फार अधिक उघडे होते. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर खरे होते. १८९९ च्या मे महिन्यात हेगला २६ राष्ट्रांची शांतता परिषद भरली आणि प्रश्न तेथे आला. ब्रिटनची बाजू मांडणारे लष्करी प्रतिनिधी होते सर जॉन आर्डा. हे गृहस्थ पूर्वी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांचे खाजगी सचिव म्हणून हिंदुस्थानात राहिलेले होते. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : सुसंस्कृत राष्ट्राचा सैनिक गोळी लागली की मागे पडतो आणि रुग्णवाहिकेची वाट पाहतो, रानटी, धर्मवेडा माणूस दोनतीन गोळ्या खाऊनही धावत येतो आणि तुमचे डोके उडवतो, म्हणून त्याच्यासाठी गोळी वेगळी हवी. रशियाच्या प्रतिनिधीने यावर उत्तर दिले, की माणसामाणसांत असा भेद करणे काळाच्या मानवतावादी वृत्तीला सोडून आहे.

आर्डा यांचे विधान मी प्रथम वाचले, तेव्हा त्यातला तिरस्कार मला अनपेक्षित नव्हता. चकित केले ते त्याच्या घाटाने. ती उत्तम प्रतीची कार्यालयीन टिपणी आहे. आधी वस्तुस्थिती, मग अनुभव, मग निष्कर्ष. सरहद्दीवरच्या माणसाचे शरीरच वेगळ्या प्रकारचे आहे, हा तिचा पाया कोणीही तपासला नव्हता. ली-मेटफर्डची गोळी गोऱ्या सैनिकाच्या शरीरातूनही तशीच आरपार गेली असती. फरक इतकाच होता, की तोवर ती त्याच्यावर मोठ्या प्रमाणात झाडली गेली नव्हती.

अखेर २२ राष्ट्रांनी बंदीच्या बाजूने मत दिले. ब्रिटन आणि अमेरिका विरुद्ध गेले, पोर्तुगाल तटस्थ राहिला. शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या, म्हणजे ज्यांचे कठीण आवरण गाभा पूर्ण झाकत नाही किंवा ज्याला चिरा पाडलेल्या आहेत अशा गोळ्या, वापरू नयेत असे घोषणापत्र झाले. त्यात आणखी एक कलम होते : ही बंधने सही करणाऱ्या राष्ट्रांना परस्परांतील युद्धातच लागू. अफ्रिदी हे राष्ट्र नव्हते आणि त्यांना हेगचे निमंत्रणही नव्हते. म्हणजे ज्यांच्या शरीरांमुळे हा प्रश्न उपस्थित झाला, तेच उत्तराच्या बाहेर राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी युद्ध पेटले, तेव्हा गोऱ्या शत्रूसाठी ब्रिटनने पुन्हा पूर्ण आवरणाची गोळी काढली. १९०७ मध्ये ब्रिटनने घोषणापत्र मान्य केले.

येथे कथा संपली असती तर ती सुधारणेची कथा ठरली असती. १९१० मध्ये थ्री-नॉट-थ्रीची नवी 'मार्क सात' गोळी आली. तिचे टोक अणकुचीदार होते, वजन ११.३ ग्रॅमवर आणले होते आणि वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटरवर नेला होता. वरच्या सूत्राने ऊर्जा ३,१०० जूलच्या वर गेली. आवरण पूर्ण, कोठेही चीर नाही. मात्र आतल्या गाभ्याचा पुढचा सुमारे तिसरा हिस्सा शिशाऐवजी ॲल्युमिनियमचा होता. त्यामुळे गोळीची लांबी कायम राहून वजन घटले, हा लाभ होताच. पण त्याचबरोबर वजनाचा मध्य मागे सरकला. अशी गोळी हवेत स्वतःभोवती फिरण्याच्या बळावर सरळ जाते. हवेपेक्षा कितीतरी घन अशा शरीरात शिरल्यावर ते फिरणे तिला सावरू शकत नाही, जड शेपूट पुढे येऊ पाहते आणि गोळी आडवी होते. पसरलेल्या गोळीने जे केले असते, त्यातले पुष्कळसे न पसरता होते. घोषणापत्राचा एकही शब्द मोडला नव्हता. घोषणापत्राने रचना सांगून परिणाम रोखू पाहिला होता. कारागिराने रचना पाळली आणि परिणाम दुसऱ्या वाटेने आणला. करकायद्यात आणि खरेदी नियमावलीत हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की तो ओळखायला मला वेळ लागला नाही.

त्या गोळ्या पुढे दमदमला आणि आपल्या खडकीलाही लाखोंनी तयार झाल्या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा; तेथल्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे असत. १९१९ च्या १३ एप्रिलला जालियनवाला बागेत ५० शिपायांनी १,६५० गोळ्या झाडल्या, त्या थ्री-नॉट-थ्रीच्याच. तेथे कोणीही धावून येत नव्हते. लोक भिंतीकडे पळत होते. धावून येणाऱ्याला थोपवण्यासाठी, हा युक्तिवाद तेथे कोणाच्या कामी आला असता?

आता न्यायाच्या दुसऱ्या पारड्यातही काही टाकले पाहिजे. युद्धात निषिद्ध ठरलेली पसरणारी गोळी आज अनेक देशांचे पोलीस वापरतात. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ती १९९८ मध्ये स्वीकारली. कारण असे, की गर्दीच्या रस्त्यावर आरपार जाणारी गोळी मागच्या निरपराध माणसाला लागते, तर पसरणारी गोळी पहिल्या शरीरात थांबते. जो गुण तिराहच्या डोंगरात क्रौर्य होता, तोच शहराच्या चौकात सावधगिरी ठरू शकतो. म्हणून अमुक धातू दुष्ट आणि अमुक आकार सुष्ट असे मानणे मला पटत नाही.

आणि प्रश्न जुनाही झालेला नाही. १९९० च्या दशकात आपल्या सैन्याने ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल घेतली. तिचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेचा. गोळी जेमतेम ४ ग्रॅमची, हलकी आणि वेगवान. शिपाई अधिक काडतुसे नेऊ शकतो, हे समर्थन १८८८ सारखेच. पुढे काश्मीरच्या अनुभवातून तक्रार आली, की गोळी लागूनही अतिरेकी थांबत नाही. ही तक्रार १८९५ सारखीच. मात्र यावेळी उत्तर वेगळे दिले गेले. टोक उघडे न करता व्यास मोठा केला गेला. २०१९ मध्ये ७.६२ मिलिमीटरच्या ७२,४०० अमेरिकी रायफलींची मागणी नोंदवली गेली आणि २०२१ च्या डिसेंबरात अमेठीजवळच्या कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनवण्याचा करार झाला. जवानाच्या जिवाचा प्रश्न तेथे खरा आहे, आणि तो चित्रालच्या शिपायाच्या बाबतीतही खरा होता, हे विसरून चालणार नाही. बर्टी-क्ले दुष्ट होते असे मानायला मला आधार नाही. आपल्या माणसांची तक्रार ऐकून त्यांनी हाताशी असलेल्या साधनांनी ती दूर केली. चांगला अधिकारी हेच करतो.

त्यामुळेच ही गोष्ट मला अस्वस्थ करते. माझ्या टेबलावर गोळ्यांची फाइल कधी आली नाही. आल्या त्या औषधांच्या, धान्याच्या पोत्यांच्या आणि एकदा पोलिसांच्या लाठ्याढालींच्या. प्रत्येकीत वस्तूचे वजन होते, घटक होते, चाचणीची पद्धत होती. ती वस्तू ज्याच्या शरीराला शेवटी भिडणार, त्याच्यासाठी रकाना नव्हता. दमदमच्या पहिल्या कागदात तो माणूस राहून गेला. दुसऱ्या कागदात तो आला, पण केवळ थोपवण्याची वस्तू म्हणून. अलीकडे मी अशा फाइलवर सही करण्यापूर्वी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहितो : ही वस्तू कोणाच्या अंगाला लागणार आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर हीच स्पेसिफिकेशन मान्य केली असती काय? वरिष्ठांनी तीवर शेरा कधी मारलेला नाही. पण एकदा एका तरुण सहायकाने ती ओळ वाचून फाइल परत मागितली आणि पोत्यांच्या तक्त्यात ती वाहणाऱ्या हमालाने पाठीवर किती वजन घ्यावे, याचा एक आकडा भरून आणला.